उबेनेच वाढविला हिमाचा धोका

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील शाब्लीची पांढरी वाइन ही थंड हवामानाची देणगी मानली जाते. सेरँ नदीकाठच्या उतारांवरील, प्राचीन शिंपल्यांचे अवशेष असलेली चुनखडीची जमीन आणि सावकाश पिकणारी शार्दोने द्राक्षे यांमुळे तिला तजेलदार, आंबटसर चव लाभते. मात्र, ज्या थंडीने शाब्लीला लौकिक मिळवून दिला, तीच आता उत्पादकांच्या मुळावर उठली आहे.

थंडी वाढली, हे याचे कारण नाही. उलट, हिवाळे सौम्य होत असल्याने वेलींचे डोळे लवकर फुटतात आणि कोवळे कोंब एप्रिलमधील हिमाच्या तडाख्यात सापडतात. मार्च २०२१ अखेरच्या उष्म्यापाठोपाठ एप्रिलमध्ये हेच घडले. मध्य फ्रान्समध्ये अशा घटनेची शक्यता हवामानबदलामुळे सुमारे ६० टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी वर्तविला. २०२४ मध्येही एप्रिलमधील हिमानंतर १ मे रोजी गारपिटीने शाब्लीला झोडपले.

हिमापासून बचावासाठी बागांत रात्रभर मोठ्या मेणबत्त्या पेटविल्या जातात किंवा वेलींवर पाण्याचे तुषार सोडले जातात; पाणी गोठताना बाहेर पडणारी उष्णता कोंबांना वाचविते. परंतु हे उपाय खर्चिक आहेत आणि गारांपुढे निरुपयोगी.

दुसरीकडे, उन्हाळा तापला की द्राक्षांतील साखर वाढते, आम्लता घटते. म्हणजे हिमातून पीक वाचले, तरी चवीची शाश्वती नाही. उष्णता सोसणारे दुसरे वाण लावण्याची वाटही बंद आहे. कारण नियमानुसार ‘शाब्ली’ हे नाव केवळ शार्दोनेच्याच वाइनला लावता येते. वाण बदलले, तर नावच गमवावे लागेल.