पाटीवरचा चांद आणि गिऱ्हाइकाची नजर

सातारा, कराड, मिरज, सांगली, कुठेही जा. आपल्या माणसांच्या दहा दुकानांच्या पाट्या ओळीने बघा. हिरवी पार्श्वभूमी, कोपऱ्यात चांद-तारा, वर ७८६, शक्य असेल तर एक मिनार, आणि उरलेल्या जागेत दुकानाचं नाव. बिर्याणीचं दुकान असो, गॅरेज असो की मोबाइल दुरुस्तीचं. फ्लेक्सवाल्याने नाव तेवढं बदललेलं असतं. यालाच आपण ‘लोगो’ म्हणतो.

लोगोचं काम एकच आहे: गिऱ्हाइकाने शंभर दुकानांतून तुम्हाला नेमकं ओळखावं. जे चिन्ह शेजाऱ्याच्याही पाटीवर आहे, ते तुमची ओळख कशी सांगणार? त्यातून दुकानदाराचा मजहब कळतो, पावाचा दर्जा कळत नाही.

‘बरकतीसाठी असतं हो सर,’ असं उत्तर येतं. उर्दू शिकवतो म्हणून सांगतो, ७८६ म्हणजे बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अबजद हिशेबाने केलेली बेरीज. अक्षरांची बेअदबी होऊ नये म्हणून लोक आकडा लिहितात. मग तोच आकडा कॅरीबॅगवर छापून गटारापर्यंत पोहोचवण्यात कसला अदब? चांद-ताऱ्याला तर कुरआनने इस्लामचं बोधचिन्ह कुठेच म्हटलेलं नाही. त्याचा प्रसार झाला तो मुख्यतः उस्मानी सल्तनतीच्या झेंड्यांमुळे. बरकत मापात असते, तोलात असते, ठरल्या दिवशी माल देण्यात असते.

मध्यंतरी एका माजी विद्यार्थ्याने बेकरीसाठी करून घेतलेला लोगो मोबाइलवर दाखवला. सात रंग, गव्हाची लोंबी, शेफची टोपी, चांद, खाली इंग्रजीत दोन ओळी. म्हटलं, याचा रबरी शिक्का करून पुठ्ठ्याच्या खोक्यावर मार. मारला. शाईचा डाग उमटला. हीच खरी परीक्षा आहे, डिझायनरला विचारायचीही गरज नाही. एका रंगात उमटतं का? नखाएवढं केलं तरी कळतं का? एकदा बघितलेल्या पोराला पाटीवर खडूने ढोबळ काढता येतं का? नसेल तर ते चित्र आहे, खूण नव्हे.

उदाहरणासाठी मुंबईला जायला नको. रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष बघा. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी कर्मवीरांनी संस्था काढली. सगळ्या जातिधर्मांच्या पोरांना सावली आणि पारंबी जमिनीला टेकली की नवं झाड, एवढा सगळा अर्थ एका झाडात बसला. सातारा जिल्ह्यात वाचता न येणारा माणूसही तो वड बघून शाळा ओळखतो. व्यापारात पाहायचं तर पलूसजवळचं किर्लोस्करवाडी किंवा भिलवडीचे चितळे. दोघांचंही साधं आडनावच खूण झालं, कारण त्या नावामागचा माल वर्षानुवर्षं तसाच राहिला.

आता काहीजण चिडून विचारतील, ‘म्हणजे आजच्या माहौलमध्ये आम्ही मुसलमान असल्याचं लपवायचं?’ अजिबात नाही. उलट चांदामागे लपू नका, स्वतःचं नाव लावा. मिरजेच्या सितारमेकरांनी काय केलं? शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तंबोरा घडवायला घेतला आणि पुढे धंदाच आडनाव झाला. देशभरातले गवई त्या वाद्यांसाठी मिरजेला येत राहिले. भोपळा कुणी कोरला हे त्यांना नावानिशी माहीत असतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन गावाच्या कसबाचं असतं. हे वाद्य कुणाच्या हातचं, ते कारागिराचं स्वतःचं नावच सांगतं.

आपल्याकडे तर नस्तलीकसारखी लिपी आहे. ‘नून’चा एक कटोरा आणि त्यातला नुक्ता घेऊन किती सुंदर खूण होईल! शेजारी ठसठशीत देवनागरी हवीच. कायदा सांगतो म्हणून तर हवीच, पण सांगलीच्या बाजारातलं गिऱ्हाईक मराठी वाचतं म्हणूनही हवी.

आणि कायद्याचंच म्हणाल तर ट्रेडमार्क कायदा, १९९९ मधलं कलम ९ वाचा. ज्यात वेगळेपणा नाही, त्या चिन्हाला सहसा नोंदणी मिळत नाही. धार्मिक भावना दुखावणारं चिन्हही चालत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या नावावर एकट्याचा हक्क मान्य केला नाही. धर्मग्रंथाचं नाव कुणा एका व्यापाऱ्याचं होत नाही, हे तिथे ठरलं. तोच न्याय आपण आपल्या पवित्र गोष्टींना स्वतःहून लावायला काय हरकत आहे? स्वतःची वेगळी खूण असेल तर ऑनलाइन अर्जाला एकट्या व्यावसायिकाला एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये शासकीय फी पडते, आणि नोंदणी दहा वर्षं चालते. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर आणि डीजेवर यापेक्षा जास्त जातात.

त्या बेकरीवाल्या पोराने आता फक्त आपल्या नावाचं पहिलं अक्षर ठेवलंय, भट्टीतून नुकत्याच काढलेल्या नानखटाईसारखं गोल. चांद काढल्यामुळे त्याचे अब्बा अजून नाराज आहेत. खोक्यावर शिक्का मात्र स्वच्छ उमटतो.