हरणांची गणती आणि बंदुकीचा परवाना

हैदराबादच्या दिलसुखनगरहून विजयवाड्याच्या रस्त्याला लागून कोत्तापेठ आणि एल. बी. नगर मागे टाकले, वनस्थळीपुरमच्या वसाहती ओलांडल्या, आणि लॉऱ्यांच्या दुरुस्तीचे कारखाने जेथे दाटीने उभे आहेत तेथवर गेले, की कुंपणापलीकडे काटेरी झुडपांचे एक माळरान दृष्टीस पडते. साडेतीन हजार एकरांहून थोड्या अधिक विस्ताराचे हे रान निजामाच्या अमदानीत खासगी शिकारगाह होते. 1975 साली, भगवान महावीरांच्या अडीच हजाराव्या निर्वाणवर्षाचे औचित्य साधून, सरकारने त्यास महावीर हरिण वनस्थळी असे नाव दिले, आणि जेथे पाहुण्यांच्या करमणुकीसाठी बार उडत होते ती भूमी अहिंसेच्या प्रवक्त्यास अर्पण केली. आज तेथे काळविटाचा काळा नर आपल्या लेंड्यांच्या ढिगावर, एखादा मनसबदार गादीवर बसावा तसा, मान ताठ करून बसलेला दिसतो. तो ढीग म्हणजे त्याच्या मुलखाची निशाणी होय, आणि दुसरा नर तेथे येऊ लागला की तो उठून, मान वर व कान मागे करून, सावकाश त्याच्या सामोरा जातो. संयुक्त आंध्र प्रदेशाने याच काळविटास राज्यप्राण्याचा मान दिला होता. 2014 साली नव्या तेलंगणाने चितळाची निवड केली.

हरणांचे कळप घटले की शिकाऱ्यांची आपापसांत भांडणे जुंपतात, आणि कळप वाढले की शिकारी व शेतकरी एकत्र होऊन सरकारशी भांडू लागतात. दख्खनच्या पठाराने हे दोन्ही प्रयोग पाहिले आहेत, आणि मराठवाडा 1948 पर्यंत निजामी अंमलाखालीच असल्यामुळे या इतिहासात मराठी वाचकाचाही वाटा आहे. या दोन्ही भांडणांत एक गोष्ट मात्र समान राहिली, ती ही की वाद बंदूक कोणी चालवावी याचा झाला, कळप किती आहे याचा झाला नाही.

जुन्या पठडीतील शिकारी, म्हणजे वाऱ्याची दिशा पाहून, कोसभर पायपीट करून, कळपातील वृद्ध काळा नर तेवढा निवडणारा, मादीवर बंदूक न उचलणारा आणि पाणवठ्यावर दबा धरण्यास कमीपणा मानणारा गृहस्थ, दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या संतापाने बोलू लागला, कारण मोडीत काढलेल्या लष्करी जीपगाड्या बाजारात येताच रात्री दिव्याचा झोत टाकून कळपच्या कळप टिपणारी एक नवी जात उदयास आली होती. झोतात सापडलेले हरीण पळत नाही, डोळे चमकवीत उभे राहते, आणि तेवढ्या अवकाशात गाडीतून उतरण्याचीही तसदी न घेता काम उरकता येते. 1949 साली जहागिरी खालसा झाल्या आणि शिकारगाहांवरील पहारे सैल पडले. त्यातच पिकांच्या रक्षणासाठी म्हणून बंदुकांचे परवाने सढळ हाताने दिले गेले, आणि पिकांसाठी रोखलेली नळी माळावर कधी वळली हे विचारण्यास कोणताही महकमा शिल्लक नव्हता. पायी हिंडणाऱ्याने जीपवाल्यास दोष दिला, जीपवाल्याने परवानाधारक शेतकऱ्यास, आणि शेतकऱ्याने, माळ नांगरला गेला तेव्हा हरणे जाणार तरी कोठे, असा सवाल केला. तिघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश होता. परंतु जुन्या शिकाऱ्यांच्या नीतिशास्त्राविषयी अतिआदर बाळगण्याचे कारण मला दिसत नाही. त्यांचा संयम पुष्कळ अंशी मक्तेदारीचा संयम होता. आपल्या रानातील नर आपण पुढल्या वर्षीही मारू, दुसरा कोणी मारणार नाही, या खात्रीतून तो उपजला होता. शिवाय ज्या संस्थानिकांनी काळविटांवर पाळीव चित्ते सोडण्याचा शौक पिढ्यानपिढ्या केला, त्यांना अखेरीस हिंदुस्थानातील चित्तेही पुरले नाहीत. कोल्हापूर दरबारास ते आफ्रिकेतून आणवावे लागले, आणि या देशातील शेवटचे म्हणून ज्यांची नोंद आहे ते तीन चित्ते 1947 साली मध्य भारतातील कोरिया संस्थानात राजाच्याच गोळीने पडले.

या साऱ्या विवादात जो सर्वांत जाणता शिकारी होता त्याचे मत मात्र कोणी विचारले नाही. फासेपारध्याची पारध बंदुकीवाचून चालत असे. पाळीव बैलाच्या आडोशाने कळपाच्या अंगाअंगाने सरकत जायचे, येण्याजाण्याच्या वाटेवर तातीचे फासे मांडायचे, किंवा माणसाळवलेला एखादा नर शिंगांना फास बांधून रानटी कळपाजवळ सोडून द्यायचा. त्या कळपाचा धनी परक्यास हुसकण्यासाठी धावून आला, शिंगाला शिंग भिडले, की फास आपोआप आवळला जाई. हे जमण्यासाठी कोणत्या माळावर किती नर आहेत, कोणता कोठे ठाण मांडून आहे, विणीचा काळ केव्हा आणि पाडसे कोठे लपतात, याची बिनचूक गणती डोक्यात असावी लागते. या ज्ञानाबद्दल त्यास मिळाले काय? 1871 च्या कायद्याने सुरू झालेल्या व्यवस्थेत त्याच्या अख्ख्या जमातीवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला, हजेरी आली, दाखल्यावाचून गाव सोडण्याची बंदी आली, आणि 1952 साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला तरी फौजदाराच्या नजरेतून अद्याप पुसला गेलेला नाही. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकाऱ्याने पारध्यांकडून वनविद्या घेतल्याचे मोकळेपणाने सांगितले, हा अपवाद होय.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटास पहिल्या अनुसूचीत बसविले. हा कायदा आपल्या मूळ स्वरूपात शिकारीचा शत्रू नव्हता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. त्यात शिकारीच्या परवान्यांचे प्रकार होते आणि शिकारीच्या रीतीवर निर्बंध होते: चालत्या वाहनातून नको, कृत्रिम उजेडात नको, सूर्यास्तानंतर नको, पाणवठ्यावर नको, जाळे व फासे नकोत. जुन्या पठडीतील शिकाऱ्यांचा शिरस्ताच येथे कलमबद्ध झाला, असे म्हणावयास हरकत नाही, आणि त्याच निषेधांत श्रीमंताची जीप व पारध्याचा फास यांस शेजारी शेजारी आसन मिळाले. 1991 च्या दुरुस्तीने परवान्यांची ती दारेही बंद केली. उरले ते अकरावे कलम, ज्यानुसार पहिल्या अनुसूचीतील प्राणी मनुष्याच्या जिवास धोका ठरला किंवा असाध्य जखमी अथवा रोगी झाला तरच, आणि दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी उभ्या पिकास धोकादायक ठरला तरीही, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी हुकुमाने त्याची शिकार करता येते.

बंदीचा परिणाम झाला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. नगर जिल्ह्यातील रेहेकुरीचे अभयारण्य 1980 साली स्थापन झाले तेव्हा त्याचे क्षेत्र अवघे सव्वादोन चौरस किलोमीटर, आणि तरीही काळवीट तेथे टिकले, वाढले, कुंपणाबाहेर पसरले. सोलापूरकडे माळढोकासाठी राखलेल्या नान्नजच्या माळावर माळढोक दुर्मिळ झाला, काळवीट मात्र नांदते राहिले. जागतिक निसर्गसंरक्षण संघाने 2017 साली काळविटास चिंतेच्या यादीतून जवळजवळ मुक्त केले. ही वार्ता शहरात गोड लागते. हरभरा फुलावर आला असताना पहाटे शेतात गेलेल्या शेतकऱ्यास शेंडे खुडलेल्या ओळी दिसतात तेव्हा ती तशी लागत नाही. तो रात्र रात्र राखणीला माळ्यावर बसतो, डबे वाजवतो, पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट पाहतो, आणि अखेरीस म्हणतो की ही सरकारची हरणे आहेत तर सरकारने ती आपल्या दावणीला बांधावीत. तेलंगणातील कृष्णाकाठच्या नारायणपेठकडील शेतकऱ्यांची तक्रारही हीच आहे. तिच्यात अन्यायाची जी जाणीव आहे ती खोटी नाही.

येथेच शिकारी पुन्हा रंगमंचावर प्रवेश करतो, या खेपेस तज्ज्ञाच्या वेषात. 2015 च्या डिसेंबरात केंद्र सरकारने बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय, म्हणजे आपल्या विदर्भातील रोही, हा उपद्रवी प्राणी म्हणून वर्षभरासाठी जाहीर केला. पुढल्या जूनमध्ये मोकामा येथे काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या, आणि त्यासाठी नेमबाज बोलावले गेले ते आमच्या हैदराबादेहून. त्यावरून मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर या एकाच मंत्रिमंडळातील दोन मंत्र्यांचा जाहीर खटका उडाला. एकीस हत्या दिसली, दुसऱ्याने राज्याची मागणी होती हे दाखविले. त्या कल्लोळात, मोकाम्याच्या टाल प्रदेशात नीलगायी एकंदर होत्या किती, किती राहिल्या तर पीक वाचते, आणि उरलेल्या किती वर्षांत पुन्हा तितक्याच होतील, हे तीन प्रश्न वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर मला तरी आढळले नाहीत.

शिकारीस मुभा असलेल्या देशांत हे प्रश्न सुटले आहेत, अशी समजूत करून घेणेही भ्रामक ठरेल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात आल्डो लिओपोल्ड हा स्वतः कसलेला शिकारी आणि वन्यजीवशास्त्राचा प्राध्यापक. हिवाळ्यात हरणे उपासमारीने मरत आहेत, रान त्यांचा भार सोसू शकत नाही, तेव्हा माद्यांचीही शिकार करावी, असा सल्ला त्याने दिला, आणि 1943 साली तो अमलात आला, तेव्हा त्याच्यावर तुटून पडले ते शिकारीच. मादी मारणे हे त्यांना पाप वाटत होते. त्याच्याविरुद्ध एक स्वतंत्र वृत्तपत्रही चालविले गेले. आकडे त्याच्या बाजूस होते, पण ते आकडे शिकाऱ्यांनी स्वतः गोळा केलेले नव्हते, म्हणून त्यांचा त्यांवर विश्वास बसला नाही, आणि मला वाटते, या प्रकरणातील खरा बोध घेण्याजोगा भाग हाच.

आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राणी मोजण्याची प्रथा आहे, ती चांगलीच आहे. परंतु ती अभयारण्याच्या हद्दीत चालते, आणि काळविटांचे तंट्याचे कळप तर हद्दीबाहेर, महसुली माळावर व खासगी शिवारात वावरतात. ज्या कळपांसाठी परवाने मागितले जातात त्यांचीच शिरगणती नियमाने होत नाही. हलविण्याचा उपायही गणतीवाचून आंधळाच. मध्य प्रदेशात शाजापूरकडे 2025 च्या ऑक्टोबरात हेलिकॉप्टरने हाकारा करून, कनातींच्या निमुळत्या वाटेने काळविटांना गाड्यांत चढवून अन्य रानांत नेले गेले. हा प्रयोग बंदुकीहून निश्चितच श्रेयस्कर, पण काळवीट फार भित्रे जनावर, पकडापकडीच्या धसक्यानेही ते दगावते, आणि माळ मोकळा झाला तर शेजारचा कळप तेथे येणारच नाही अशी हमी कोण देणार?

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे की काळवीट गोळीपासून मुक्त आहे तो तसाच राहावा, आणि रोही व रानडुक्कर यांच्या बाबतीत जेथे परवानगीची तरतूद आहे तेथेही बाहेरगावचे हौशी नेमबाज बोलावण्याची पद्धत बंद व्हावी. वनखात्याने सोलापूर, बीड, धाराशिव, लातूर आणि नारायणपेठ या जिल्ह्यांत येत्या उन्हाळ्यात शिवारातील हरणांची गावनिहाय गणती करावी, तीत शेतकऱ्यास व रोजंदारी देऊन पारध्यास सामील करून घ्यावे, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, म्हणजे ज्यांनी मोजले त्यांनाच ते नाकारता येणार नाहीत. ते आकडे हाती येईपर्यंत एकाही नव्या परवान्यावर सही करू नये, अशी महाराष्ट्र व तेलंगणा या दोन्ही राज्यांच्या मुख्य वन्यजीव रक्षकांस माझी जाहीर विनंती आहे.