लेखनाचा तास बंद करू नये



आमच्या चौथीच्या वर्गात दर शनिवारी लेखनाचा तास असतो. मागच्या पालकसभेत काही पालक म्हणाले, "हा तास कशाला? त्यापेक्षा पोरांकडून चांगले निबंध पाठ करून घ्या." बाई म्हणाल्या, "मुलांनाही विचारू." म्हणून मी माझे मत लिहिते. हा तास बंद करू नये, असे मला वाटते.

आधी निबंध कसा असायचा ते सांगते. तो बाजारातल्या निबंधाच्या पुस्तकातून फळ्यावर यायचा आणि फळ्यावरून वहीत. 'माझा आवडता प्राणी' या निबंधात आम्हा सगळ्यांची गाय पांढरीशुभ्र होती. खरे तर गावात निम्म्या घरी शेळ्या आहेत आणि काहींच्या दारात जनावरच नाही. एक वही वाचली की साऱ्या वर्गाच्या वह्या वाचल्यासारखे व्हायचे.

आता तास असा चालतो. पहिली पाच मिनिटे बाई काहीतरी वाचून दाखवतात. मग वीस मिनिटे सगळे गप्प बसून लिहितात. विषय ज्याचा त्याने निवडायचा. काहीच सुचले नाही तर बाई विचारतात, "सकाळी उठल्यापासून काय काय पाहिलंस?" बाईसुद्धा आपल्या वहीत लिहितात, हे मला फार आवडते.

नंतर जोडीने बसायचे. एकाने वाचायचे, दुसऱ्याने ऐकायचे. हसायचे नाही. काय आवडले ते आधी सांगायचे, मग दोन प्रश्न विचारायचे. मी विहिरीवर लिहिले होते. "विहीर खोल आहे," असे वाचले तेव्हा मैत्रीण म्हणाली, "खोल म्हंजे किती?" मग मी आजोबांना विचारून लिहिले, 'उन्हाळ्यात पोहऱ्याला वीस हात दोर लागतो आणि पावसाळ्यात सहाच.' आता वाचणाऱ्याला विहीर दिसते.

ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी तपासायचे. ते नकोच, असे मी म्हणत नाही. पण पहिल्या ओळीलाच वेलांटीची भीती वाटली की पुढचे सुचत नाही.

पालक म्हणतात, "वहीत किती ही खाडाखोड!" पण भाकरी थापताना पीठ सांडतेच. ताटात भाकरी नीट आली म्हणजे झाले. आमची नीट भाकरी या भिंतीवर लावलेली आहे, ती वाचावी.

आमच्या वर्गातली काही मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. परत आल्यावर त्यांना पाठ केलेले निबंध येत नसत, म्हणून ती मागे बसायची. त्यातल्या एकाने लेखनाच्या तासाला कोपीबद्दल लिहिले. पहाटे अंधारात आईवडील फडावर जायचे आणि तो कोपीत धाकट्या बहिणीला सांभाळायचा. त्याने वाचले तेव्हा वर्ग शांत झाला. मग सगळ्यांनी इतके प्रश्न विचारले की घंटा झाली तरी संपेनात. त्याने 'वाढं' हा शब्द लिहिला होता. वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, जनावरांचा चारा. बाईंनी तो शब्द खोडला नाही. आता तो मुलगा पुढच्या रांगेत बसतो. पाठांतराच्या तासाला हे झाले असते का?

काहींना वाटते, लहान मुलांना काय लिहिता येणार? मुक्ता साळवे ही पुण्याला सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकत होती. तिने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. तो निबंध लोक अजून वाचतात. तो तिने कुठल्या पुस्तकातून उतरवून घेतला नव्हता.

काही पालक म्हणतील, आम्हालाच लिहिता येत नाही, आम्ही काय सांगणार? बहिणाबाई चौधरींनाही लिहिता-वाचता येत नव्हते. त्या घरात, शेतात काम करताना आपल्या बोलीत गाणी रचायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी ती लिहून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या आणि १९५२ साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. लिहून ठेवली नसती तर ती गाणी आपल्याला मिळाली असती का? आपल्या गावातल्या आज्यांनासुद्धा ओव्या येतात. त्या कोण लिहिणार? आम्हीच ना!

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. एका शनिवारी वर्गात येऊन बसा आणि तास पाहा. घरी "किती मार्क पडले?" एवढेच न विचारता "आज काय लिहिलंस, वाचून दाखव," असेही म्हणा. ज्यांना लिहिता येते त्यांनी आमच्याबरोबर लिहावे. ज्यांना येत नाही त्यांनी सांगावे, आम्ही लिहून घेऊ. पण लेखनाचा तास चालू ठेवा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी