साहेबांनी पाठवलं होतं

पापनाशम हे तंजावर आणि कुंभकोणमच्या मधलं छोटं गाव. चहूकडे कावेरीच्या फाट्यांवरची भातशेती, केळीच्या बागा आणि एका देवळाच्या आवारात नायकांच्या काळातलं विटांचं भलंमोठं धान्यकोठार. दक्षिणेत बदली झाली तेव्हाच ठरवलं होतं, एकदा पापनाशमला जायचंच. कोठारासाठी नव्हे, आमच्या सुभेदारसाहेबांसाठी. मी कंपनी कमांडर असताना ते माझे सीनियर जेसीओ होते. नियंत्रण रेषेवरचे दोन हिवाळे आम्ही एका बंकरच्या उबेत काढले आहेत.

मे महिन्यातल्या एका रविवारी गेलो. अक्कांनी नन्नारीचं सरबत दिलं. नन्नारी म्हणजे आपली उपळसरी, अनंतमूळ. सुभेदारसाहेब पार वाळले होते. आठवड्यापूर्वी शेताच्या बांधावर चक्कर येऊन पडले होते म्हणे. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जुने. ते आत गेल्याचं बघून अक्कांनी हळूच तक्रार केली : साखरेची गोळी यांनी आपल्या मनाने अर्धी केली आहे आणि सकाळ-संध्याकाळ ही कॅप्सूल घेतात. बाटली माझ्यासमोर ठेवली. वर लिहिलं होतं, ‘बर्डॉक रूट’. भाच्याने अमेरिकेतून आणलेली.

ते बाहेर आल्यावर मी जरा दरडावूनच विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ते अवघडले. मोबाइल काढून आमच्या युनिटच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवरचा एक जुना मेसेज दाखवला. रक्त शुद्ध करणारं मूळ, साखर, सांधे, यकृत, सगळ्यांवर एकच उपाय. पाठवणाऱ्याचं नाव माझं होतं.

‘साब, आपने ही तो भेजा था.’

मला तो मेसेज पाठवल्याचं आठवतही नव्हतं. कुणीतरी मला पाठवला असेल, मी न वाचताच पुढे ढकलला असेल. म्हणून आज हा लेख. त्या ग्रुपवर माफी मागून झाली आहे, पण माझ्यासारखे ‘पाठवणारे’ आणि सुभेदारसाहेबांसारखे ‘मानणारे’ इथेही वाचतात, हे मला ठाऊक आहे.

आधी त्या मुळाविषयी, कारण त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. बर्डॉक ही युरोप-आशियातल्या थंड मुलखातली वनस्पती. आपल्याकडे पश्चिम हिमालयात ती रानात वाढते. तिथे पेट्रोलिंग केलेल्यांच्या पँटला तिची काटेरी बोंडं नक्की चिकटली असतील. १९४१ साली स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल या इंजिनिअरने आपल्या कुत्र्याच्या केसांत अडकलेली हीच बोंडं निरखली आणि त्यातून पुढे वेल्क्रो जन्मलं. आज आपल्या वर्दीवर नावाची पट्टी ज्याने चिकटते, तेच. आपल्या गोखरूशी मात्र तिचं काही नातं नाही, नाहीतर उद्या कुणी गोखरूचा काढा सुरू करायचा.

जपानमध्ये याच मुळाला ‘गोबो’ म्हणतात आणि ती तिथली रोजची भाजी आहे. सुरीच्या पाठीने साल खरवडायची, काप करून थोडा वेळ पाण्यात ठेवायचे, मग गाजराबरोबर तिळाच्या तेलात परतून सोया सॉस घालायचा. शंभर ग्रॅम कच्च्या मुळात साधारण ७२ कॅलरी, १७ ग्रॅम कर्बोदकं, ३ ग्रॅम तंतू आणि ३०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. त्यात इन्युलिन नावाचा तंतूचा प्रकार भरपूर. तो आपल्याला पचत नाही, पण मोठ्या आतड्यातले उपकारक जिवाणू त्यावर पोसले जातात. सवय नसेल तर पोट फुगतं. थोडक्यात, चांगली तंतुमय भाजी. ताटात मिळाली तर आनंदाने खावी.

जपानमध्ये एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या छावणीतल्या युद्धकैद्यांना गोबो खायला दिला आणि युद्धानंतरच्या खटल्यात ‘आम्हाला झाडाची मुळं चारली’ असा आरोप पहारेकऱ्यांवर झाला. तपशिलांबद्दल वाद आहेत, पण सैनिकाला त्यातली गोम लगेच कळते. एकाचं जेवण ते दुसऱ्याला छळ वाटू शकतं. कुठलंही मूळ हे ते खाणाऱ्या लोकांच्या माहितीसकट अन्न होतं. कसं सोलायचं, किती खायचं, कुणी खायचं नाही, हे सगळं त्या माहितीत येतं.

कॅप्सूलमध्ये ती माहिती गळून पडते आणि उरतात आश्वासनं. साखर कमी झाल्याचे पुरावे मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतले आहेत. माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान. इराणमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ३६ रुग्णांवर या मुळाच्या चहाची चाचणी झाली, तीत दाहाचे काही निर्देशक उतरले. आशेला जागा आहे, पण ३६ माणसांच्या जोरावर कुणी आपली गोळी अर्धी करू नये. ‘रक्त शुद्ध करतं’ या वाक्याला तर वैद्यकात मोजता येईल असा अर्थच नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं दिवसरात्र करतात आणि त्यातल्या मूत्रपिंडांना सगळ्यात जास्त इजा होते ती वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने.

धोकेही आहेत. शेवंती, झेंडूच्या कुळातली ही वनस्पती. त्यांची ॲलर्जी असणाऱ्यांना हिचीही होऊ शकते. लघवी वाढवणारी म्हणून ती परंपरेने वापरली जाते, तेव्हा रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी जपावं. मूत्रपिंडं अधू असतील तर पोटॅशियमचा हिशोब ठेवावा लागतो. गरोदर बायकांनी तिच्या वाटेला जाऊ नये. आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी : अमेरिकेत १९७८ साली बर्डॉकच्या चहातून विषबाधा झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तपासात निघालं ॲट्रोपिन. एनबीसीच्या प्रशिक्षणात नर्व्ह एजंटवरचा उतारा म्हणून ज्याचं इंजेक्शन आपण पाहिलं, तेच. बर्डॉकमध्ये ते नसतं. बेलाडोनासारख्या विषारी झाडाची भेसळ असावी. वाळवून कुटल्यावर कोणतं मूळ कुठलं, हे डोळ्यांना ओळखता येत नाही.

त्या बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलंच होतं की हे उत्पादन कोणत्याही रोगाचं निदान, उपचार वा प्रतिबंध करण्यासाठी नाही. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्याने असल्या दाव्यांखाली ते वाक्य छापावंच लागतं. म्हणजे विकणारा स्वतः हात वर करून मोकळा. छातीठोक सांगणारा होतो तो मी.

गंमत म्हणजे अक्कांनी नंतर जी कॉफी दिली, तिच्यात बर्डॉकचं भावंड होतं. इथल्या फिल्टर कॉफीत मिसळतात ती चिकोरी म्हणजेही त्याच कुळातल्या झाडाचं भाजलेलं मूळ. कच्च्या चिकोरीत इन्युलिन खच्चून असतं, भाजताना त्यातलं बरंच तुटतं. आपल्या लसणात आणि कांद्यातही ते आहेच. सातासमुद्रापलीकडून बाटली मागवायची गरज नव्हती.

इथून पंचवीसेक किलोमीटरवर तंजावरात आपल्याच भोसल्यांचं राज्य होतं. दुसरे सरफोजी महाराज १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा सगळ्या पद्धतींचे जाणकार एकत्र काम करत. औषध दिलं की रुग्णाचं काय झालं, हे लिहून ठेवलं जाई. डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसह केलेल्या नोंदी सरस्वती महालात आजही आहेत. दोनशे वर्षांपूर्वीचा मराठी राजा झाडपाल्याला नाक मुरडत नव्हता आणि डोळे मिटून गिळतही नव्हता. तपासत होता. मी एनडीएतून शिकून बाहेर पडलेला अधिकारी, आणि मला एक मेसेज तपासता आला नाही.

खरा मुद्दा हाच आहे. फौजेत वरिष्ठाचा शब्द हा सल्ला नसतो. वर्दी उतरते, पण कानांची सवय उतरत नाही. ज्या माणसाने माझ्या शब्दावर बर्फात पाय टाकला, तो माझ्या शब्दावर कॅप्सूल गिळणारच. एरवी आपण साध्या रजेच्या अर्जावर दोनदा वाचून सही करतो. मग ज्या मजकुराखाली सही करणार नाही, तो आपल्या नावाने पुढे पाठवू नये.

आणि माजी सैनिक मंडळींना एवढंच : जे काही घेता, मग ते मूळ असो, भस्म असो वा परदेशी बाटली, ते ईसीएचएसच्या डॉक्टरांपुढे टेबलावर ठेवा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. चालू गोळी त्यांना विचारल्याशिवाय कमी करू नका, अगदी कर्नलसाहेबांनी सांगितलं तरीही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांना पॉलिक्लिनिकमध्ये घेऊन गेलो. चक्कर नेमकी कशाने आली, हे डॉक्टरांनाही ठाम सांगता आलं नाही. वाढलेली साखर मात्र अर्ध्या गोळीचा प्रताप होता. कॅप्सूल बंद झाली, गोळी पूर्ववत. आता साखर आटोक्यात आहे.

पापनाशम म्हणजे पापं धुऊन काढणारं. एका डुबकीत सगळं साफ व्हावं ही माणसाची जुनीच इच्छा, बाटलीवाले तीच विकतात. माझं पाप काही तिथे धुतलं गेलं नाही.

परवा सुभेदारसाहेबांनी मला एक मेसेज पाठवला. कसल्याशा बियांनी गुडघे बरे होतात म्हणे. खाली त्यांनी एकच ओळ लिहिली होती : ‘साब, इस पर साइन करेंगे?’