अवर्षणात पिकाची परीक्षा मुळाशी करावी

परतीचा पाऊस उघडून दिवाळी सरली आणि रब्बी ज्वारी महिन्याची झाली की, सोलापूर, बीड, अहिल्यानगर या भागांतील बांधाबांधांवर एकच प्रश्न ऐकू येतो : "ज्वारीची वाढ थांबली, आता काय टाकावे ?" दुपारच्या उन्हात पानांच्या सुरळ्या झालेल्या असतात, पीक जागच्या जागी उभे असते आणि शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. अशा वेळी कोणी युरियाचे पोते सुचवितो, तर कोणी 'ताण सोसण्याची शक्ती' देणारी बाटली पुढे करतो. उधारीवर का होईना, ती घरी येते. परंतु सल्ला देणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या शेतातील एक तरी रोप खणून त्याचे मूळ पाहिलेले असते ? पान थांबले म्हणजे पीक थांबले, हा समज या सर्व खर्चाच्या मुळाशी आहे. आणि तो समज बरोबर नाही.

भिंतीची सैल व घट्ट वीण

वनस्पतीची प्रत्येक पेशी एका भिंतीने वेढलेली असते. पेशीच्या आतील पाण्याचा दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबापेक्षाही पुष्कळ अधिक असतो. हा दाब भिंतीला बाहेर रेटतो. भिंत जेवढी सैल होईल तेवढीच पेशी वाढते. म्हणून वाढीस नुसते पाणी पुरत नाही, भिंतीची संमतीही लागते.

ही भिंत सेल्युलोजच्या तंतूंची असून ते तंतू इतर चिकट द्रव्यांनी एकमेकांस बांधलेले असतात. तीत प्रथिनांचा वाटा अल्प असतो. तथापि वीण सैल ठेवावी की आवळावी, हे ठरविण्यात त्यांचा मोठा हात असतो. भिंतीतील एका प्रथिनाचा सुगावा 1960 साली लागला. ते भिंत ताणण्यास मदत करीत असावे, या समजुतीने पुढे त्यास एक्स्टेन्सिन असे नाव देण्यात आले; परंतु त्याचे काम भिंत बळकट करण्याचे आहे, असे नंतर दिसून आले. भिंत खरोखर सैल करणारे प्रथिन अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया येथे 1992 साली काकडीच्या रोपांत सापडले. त्यास एक्स्पान्सिन म्हणतात. बाजेची सुंभ न कापता केवळ तिचे वेढे सरकवून बाज सैल करावी, तसे हे प्रथिन तंतू न तोडता त्यांची पकड सैल करते. भिंतीत आम्लता वाढली म्हणजे त्याचे काम जोराने चालते.

ताण पडल्यावर काय घडते ?

मक्याच्या रोपांवरील जे प्रयोग अमेरिकेत 1988 साली प्रसिद्ध झाले, ते येथे फार उद्बोधक आहेत. ओलावा अतिशय कमी केल्यावर रोपाच्या वरच्या भागाची वाढ पूर्णपणे थांबली. मुख्य मूळ मात्र नेहमीच्या सुमारे एकतृतीयांश वेगाने खाली जातच राहिले. विशेष म्हणजे मुळाच्या टोकाकडील सुमारे 3 मिलिमीटर भागात पेशींची लांबी वाढण्याचा वेग मुळीच कमी झाला नव्हता. त्याचे एक कारण 1996 साली पुढे आले. पाण्याच्या ताणात मुळाच्या या टोकाशी एक्स्पान्सिनचे कार्य वाढते आणि तेथील भिंत अधिक सैल होते. पाणी कमी, आतील दाबही कमी, तरीही वाढ चालू, असे हे कोडे त्यामुळे बऱ्याच अंशी उलगडते.

ज्वारी ही मक्याची जवळची आप्त आहे. मक्याचे आकडे तिला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु ताणात पान आवरून मुळास पुढे जाऊ देण्याची रीत तृणधान्यांत सर्रास आढळते. तेव्हा थांबलेले पान हे पुष्कळदा दुखण्याचे नव्हे, तर काटकसरीचे लक्षण असते. अडचणीच्या वर्षी घरधनी ओसरीचे काम थांबवून विहिरीची खुदाई चालू ठेवतो, त्यातलाच हा प्रकार होय.

बाटलीतून भिंत सुधारत नाही

प्रथिनांची ही माहिती सांगून कोणी औषध विकू लागल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भिंत सर्वत्र सैल होणे पिकाच्या हिताचे नाही. तसे झाल्यास ताट उभेच राहणार नाही. योग्य जागी व योग्य वेळी ती सैल व्हावी, यातच सारे मर्म आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चिलीमधील प्रयोगात गव्हाच्या भरणाऱ्या दाण्यातच एक्स्पान्सिन वाढविण्यात आले, तेव्हा शेतात सुमारे 11 टक्के अधिक उत्पादन मिळाले. मात्र ते गव्हाचे बीजच जनुकीय पद्धतीने बदललेले होते आणि ती कसोटी अवर्षणाची नव्हती. पानावर फवारलेले द्रव्य मुळाच्या टोकाशी असेच नेमके काम करते, असे म्हणणाऱ्याकडे शेतावरील पुरावा मागावा. पुरावा नसेल, तर पैसा गाठीस ठेवावा.

युरियाचेही तसेच. कोरड्या मातीवर टाकलेला युरिया मुळापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच कोरडवाहू रब्बी ज्वारीस सर्व नत्र पेरणीच्या वेळीच दोन चाड्यांच्या पाभरीने द्यावे, अशी शिफारस आहे.

कार्यकर्त्याचे काम

मग बांधावर उभ्या असलेल्या गावपातळीवरील कार्यकर्त्याने काय करावे ? त्याने प्रथम पहाटे शेतात जावे. दुपारी वळलेली पाने पहाटे उलगडलेली दिसली, तर पिकास अजून पाणी मिळत आहे. पोंगा सुकलेला असेल, तर खोडमाशीची शंका घ्यावी; तो दोष अवर्षणाचा नव्हे. त्यानंतर शेतकऱ्यासमक्ष तीनचार ठिकाणी रोपे मुळांसह खणावीत. मुळाचे टोक पांढरे व टवटवीत आहे काय, ते किती खोल गेले आहे, मुरमावर अडले आहे काय, हे दोघांनी मिळून पाहावे. हातभर खोलीवरील माती मुठीत दाबून तिचा गोळा होतो काय, तेही पाहावे.

मूळ चालू आणि खाली ओल असल्यास कोळपणी हेच औषध होय. काळ्या जमिनीच्या भेगा मुळे तोडतात आणि ओलही उडवितात; कोळप्याने त्या बुजतात. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' असे शेतकरी म्हणतात ते अनुभवानेच. एखादे संरक्षित पाणी हाताशी असल्यास ते पेरणीनंतर 28 ते 30 दिवसांनी किंवा पीक पोटरीवर येताना, 50 ते 55 दिवसांनी द्यावे. मूळ मुरमावर अडलेले दिसल्यास, त्या जमिनीची खोली पाहून पुढील वर्षी वाण निवडावा.

यात एक पैशाची खरेदी नाही. लागते ती कुदळ आणि अर्ध्या तासाची सवड. कदाचित म्हणूनच हा सल्ला क्वचित दिला जातो. परंतु ज्या शेतकऱ्याच्या वर्षाची भाकर आणि जनावरांचा कडबा एकाच पिकावर अवलंबून आहे, त्याला जमिनीखाली काय चालले आहे ते पाहिल्यावाचून खर्चात घालण्याचा अधिकार कोणासही नाही.