काउसग्ग २५ श्वासांचा

डबे, पाणी, मग कोपरीतून ठाणे स्टेशनकडे धावपळ. त्यात कुणी चार शब्द बोललं की छाती धडधडते, जबडा आवळतो, पोटात गोळा येतो. हे मनाचे खेळ नाहीत. अॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल शरीराला पळायला सज्ज करतात. प्रसंग सरतो, अंग मात्र ताठच राहतं.

त्यावरचा उपाय आपल्या ४८ मिनिटांच्या सामायिकातच आहे. लोगस्सचा काउसग्ग २५ श्वासांचा; आपण तो चार श्वासांत उरकतो, तोही भाजीचा हिशेब करत! माझं स्पष्ट मत: एखादी माळ कमी झाली तरी चालेल, पण काउसग्गात अंग सैल करा, श्वास सावकाश सोडा. ठोके संथ होतात. आणि छातीत दुखलं तर अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. देह सांभाळणं हीसुद्धा जीवदयाच आहे.