टेप लावून जीप रंगवू नका!

मंडळी, जुनी महिंद्रा जीप रंगवायला टाकताय? मग पेंटरला आधीच ठणकावून सांगा, समोरची काच आणि रबर काढल्याशिवाय रंग मारायचा नाही. "टेप लावतो की दादा, काय होत नाय!" होतं ना! गंज रबराखालीच दबा धरून बसलेला असतो. वरून कितीही चकाचक करा, कडेनं फोड येणार, मग पत्रा कापून वेल्डिंग. तो खर्च पेंटर देणार आहे का?

जुनं रबर दगडासारखं झालेलं असतं. ते ब्लेडनं कापूनच काढा. स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं तर काच गेलीच समजा. गंज घासा, प्रायमर मारा, रंग पूर्ण वाळू द्या. नवं रबर काचेवर चढवून खाचेत दोरी फिरवा, साबणाचं पाणी लावा. एकानं बाहेरून काच दाबायची, दुसऱ्यानं आतून दोरी ओढायची.